रविवारची चढाई: साडेचार की सात?

ए-२०३: मंडळी, पहाटे साडेचारला पायथा सोडायचा म्हणताय? सुट्टीच्या दिवशी हा छळ कशाला? सातला निघू की.

बी-४०२ काका: सातला निघालास तर खडा चढ नेमका उन्हात येतो. हिशेब मांड. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये ठोकताळा दिला: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. आपली वाट ५ किलोमीटर, चढ ९०० मीटर, म्हणजे अडीच तास. तेही न थांबता, धडधाकट माणसाला. त्यात ऊन, घसारा (पायाखालून निसटणारी सुटी माती-खडी) आणि तुमचे फोटो धर. चार तास कुठे गेले नाहीत.

ए-५०४: पण वर गार असतं ना?

बी-४०२ काका: असतं. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. पण तेवढ्याच उंचीला अतिनील किरण १० टक्क्यांच्या आसपास वाढतात. वाऱ्यात कळत नाही, रात्री मान उशीला टेकवली की कळतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि काठाची टोपी घ्या.

ए-२०३: दोन लिटर पाणी पुरेल?

बी-४०२ काका: चढतानाच संपेल. उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर लागतं. चार घे. जड होईल, होऊ दे. अर्धं संपलं आणि माथा आला नाही, तर तिथूनच परत.

सी-१०१ ताई: आणि नुसतं पाणी ढोसू नका. घामातून मीठ जातं, वर पाणीच ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम घटतं. डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस पाणी कमी पडलं समजून आणखी पितो. ओआरएस ठेवा.

सी-१०१ ताई: चक्कर, भरपूर घाम असेल तर सावलीत बसवा, घोट घोट पाजा. पण कोणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं, तर तो उष्माघात धरा. घाम येत असला तरी. अंग भिजवा, वारा घाला, मदत बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

ए-२०३: ताई, घाबरवता का 😅

बी-४०२ काका: अजून एक. साडेनऊला जिथे असू तिथून मागे फिरायचं.

ए-२०३: माथा शंभर मीटरवर असला तरी??

बी-४०२ काका: तरी. ते शंभर मीटरच रॉकपॅच आहे, म्हणजे हातपाय लावून चढायचा उभा कातळ. चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय कुठे टेकवायचा तेच दिसत नाही. एक जण तिथे अडकला की मागची सगळी रांग तापल्या कातळावर उभी. आणि दुपारी ढग चढले तर? वीज दिसल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, की डोंगराच्या धारेवर थांबायचंच नाही.

ए-२०३: बरं बाबा, साडेचार. हेडटॉर्च कोणाकडे जास्तीचा आहे?

सी-१०१ ताई: माझ्याकडे आहे, देते.

ए-५०४: मी नवे बूट घेतलेत, चालतील ना?

बी-४०२ काका: नको रे. वापरातलेच घाल. आणि नखं कापून ये, उतारावर बोटं पुढे आदळतात. माथ्यावर नाड्या घोट्याशी पुन्हा आवळायच्या.