योगवर्गामुळे खाडे कमी झाले, असं म्हणता येईल का?

मस्टरवाला: वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, 180 कामगार, तीन शिफ्ट. सहा महिने योगवर्ग चालू आहे. नियमित येणाऱ्या 40 जणांचे खाडे बाकीच्यांपेक्षा बरेच कमी भरतात. हा वर्गाचाच परिणाम म्हणून मॅनेजमेंटपुढे मांडू का?

आकडेमोड: नका मांडू. इलिनॉय विद्यापीठात 2016 साली सुमारे 4,800 कर्मचाऱ्यांचे सोडत काढून दोन गट पाडले आणि एकालाच आरोग्य उपक्रम दिला. नुसते भाग घेणारे आणि न घेणारे ताडून पाहिले की उपक्रम झकास वाटायचा. सोडतीचे गट ताडले, तर उपचारांच्या खर्चात किंवा कामात ठोस फरक सापडला नाही. स्वतःहून येणारी माणसं मुळातच ठणठणीत होती! तुमचे 40 जण त्यातलेच असणार.

पुढचा उपक्रम सगळ्यांना एकदम देऊ नका. सोडत काढून निम्म्या लाइनना आधी द्या, उरलेल्यांना तीन महिन्यांनी. आधीच्या 12 आठवड्यांचे न कळवता झालेले खाडे, तासाला निघालेले चांगले नग आणि रिवर्क (चुकल्यामुळे पुन्हा करावे लागलेले नग) काढून ठेवा. मोजताना अख्खी लाइन धरायची, वर्गाला न फिरकलेलेसुद्धा. मध्येच कुणाची लाइन बदलली तरी तो मूळ लाइनच्याच खात्यात. आणि गणपती-दिवाळीच्या आठवड्यांची तुलना दुसऱ्या गटाच्या त्याच आठवड्यांशी. लाइन मोजक्याच असल्या तर बारीक फरक योगायोगाचाही असू शकतो, तेही सांगा.

तापमापी: योगाआधी शेडमधला उकाडा बघा. बंगळुरूकडच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत विजेच्या बचतीसाठी ट्यूब काढून एलईडी बसवले. दिव्यांची उष्णता घटली आणि कडक उन्हाच्या दिवसांत उत्पादन जे पडायचं, ते बरंच सावरलं. तापमान दुपारी 2 ते 4 मध्ये, मशीनपाशी, छातीच्या उंचीवर घ्या. ऑफिसच्या भिंतीवरचा आकडा कामाचा नाही. दमटपणाही मोजा, नुसत्या पाऱ्यावरून घाम वाळतो की नाही ते कळत नाही.

मस्टरवाला: वर्ग सकाळी 7 ला असतो. रात्रपाळीचा एकही माणूस येत नाही.

आकडेमोड: रात्रभर उभं राहिलेला माणूस बस सोडून आसनं करेल कशाला? शिफ्टच्या आतच 15 मिनिटं द्या आणि त्या दिवसाचं टार्गेट तेवढं उतरवून बोर्डावर लिहा. नाहीतर सुपरवायझर कुणाला लाइन सोडू देणार नाही.