प्रगतिपुस्तकावर मुलांचा नंबर छापावा का?

एका मुलीची आई

परवा मुलीचं सहामाहीचं प्रगतिपुस्तक हातात आलं. वय वर्षं दहा. मी विचारलं, "गणित कसं गेलं?" ती म्हणाली, "अकरावी आले." तिला प्रश्न नीट ऐकू आला नसेल असं वाटून पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

मग उत्तरपत्रिका घेऊन बसले. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, या बेरजेचं उत्तर तिने दोन पंचमांश लिहिलं होतं. वरच्या अंकांची बेरीज वर, खालच्यांची खाली. त्यावर लाल फुली. तशीच आणखी दोन गणितं, त्यांवरही फुल्या. दोन पंचमांश तर अर्ध्याहून कमी. अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर ते कमी कसं होईल, एवढंच कुणी विचारलं असतं तर तिची चूक तिला सापडली असती. अकरा या आकड्यात यातलं काहीही नाही. तिच्या पुढे दहा जण आहेत, इतकंच तो सांगतो.

रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग शिक्षणक्षेत्रात बराच सांगितला जातो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त कामावरचा शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं, गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्या मुलांना मात्र शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. मला यातून असं दिसतं की आकडा समोर आला की मूल शेऱ्यापर्यंत पोचतच नाही. माझी मुलगीही पोचली नसती.

म्हणून माझं म्हणणं: निदान बारा वर्षांखालच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकावर वर्गातला क्रमांक नसावा. तुम्हाला काय वाटतं?

घरातला पहिला पदवीधर

ताई, तुमची कळकळ पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची शेवटची इयत्ता पाहिलेली नव्हती. वडिलांना उत्तरपत्रिका वाचता येत नसे, शेरा तर दूरच. "तिसरा" हा शब्द मात्र त्यांना कळला. त्या एका शब्दावर त्यांनी मला कामाला न पाठवता शाळेत ठेवलं. तुम्ही उत्तरपत्रिका काढून बसू शकता, चूक ओळखू शकता. ज्या घरात ते जमत नाही, तिथे नंबर हीच एक पावती असते. ती काढून घेतलीत तर शिकलेल्या घरातल्या मुलांचं काही बिघडत नाही, बाकीच्यांचा आधार जातो.

आणि लेखी परीक्षेत निदान आडनाव आणि कपडे दिसत नाहीत. शेरा लिहिणाऱ्याला ते दिसतात.

प्राथमिक शिक्षिका, २२ वर्षं

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य माझ्या व्यवसायाबद्दल आहे आणि ते खरं आहे. नीटनेटक्या मुलाच्या वहीवर आपला हात सैल सुटतो, हे मी स्वतःत पाहिलं आहे. पण तुमच्या वडिलांना "तिसरा" ऐवजी कुणी समोर बसवून सांगितलं असतं की हा मुलगा वाचतो छान, त्याला पुढे शिकवा, तर त्यांनी ऐकलं नसतं का?

नंबराबद्दल एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. एकाच वर्गात काही मुलं दुसऱ्यांपेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठी असतात. सहा वर्षांच्या मुलाला अकरा महिने म्हणजे आयुष्याचा सहावा-सातवा हिस्सा. सुरुवातीच्या इयत्तांत वर्गातली वयाने मोठी मुलं सरासरीने पुढे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. म्हणजे पहिलीतला नंबर काही अंशी जन्मतारखेचा नंबर असतो. ते लहानगं मात्र त्याच वर्षी ठरवून टाकतं की मी मागचा. पुढे वयाचा फरक बुजतो, ठरवलेलं बुजत नाही. सातव्या वर्षी "मी ढ आहे" असं शांतपणे सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. रडत सांगितलं असतं तर मला कमी लागलं असतं.

दोन मुलांचा बाबा

म्हणजे परीक्षाच नकोत का? मग अभ्यास कोण करेल? माझा मोठा चाचणी जाहीर झाल्याशिवाय पुस्तक उघडत नाही.

प्राथमिक शिक्षिका, २२ वर्षं

परीक्षा हव्यातच, उलट जास्त हव्यात, फक्त छोट्या आणि नंबराविना. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने मात्र वाचून झाल्यावर स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना जास्त आठवलं. आठवून पाहणं हाच अभ्यास आहे. त्यासाठी शेजारचा कितवा आला हे कळायची गरज नाही. तुमच्या मोठ्याला रोज रात्री पुस्तक मिटून पाच प्रश्न विचारून बघा.

कायम पहिली

मी शाळेत सलग नऊ वर्षं पहिली. या चर्चेत शेवटच्या नंबरांची काळजी दिसते, म्हणून पहिल्या नंबराचं सांगते. पहिल्या वर्षी आनंद झाला. पुढची आठ वर्षं फक्त भीती. दुसरी येणारी माझी जिवलग मैत्रीण होती. परीक्षेच्या महिन्यात आम्ही एकमेकींना वह्या देत नसू, आणि दोघींनाही कळायचं की आपण खोटं बोलतोय. अवघड गणित दिसलं की मी ते सोडून देई, कारण चुकणं परवडणारं नव्हतं. पुढे निवडक मुलांच्या कॉलेजात गेले आणि पहिल्या सत्रात मधल्या रांगेत आले. तेवढ्यावरून मला वाटलं, आपल्याला काही येतच नाही. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञांनी याला छोट्या तळ्यातल्या मोठ्या माशाचं उदाहरण देऊन नाव दिलं आहे: क्षमता तीच असते, पण आजूबाजूची मुलं हुशार असली की स्वतःबद्दलचं मत घसरतं. मला ते वाचायला मिळालं तेव्हा मी तिशीत होते.

त्या मैत्रिणीशी आज बोलणं नाही.

घरातला पहिला पदवीधर

वाचून वाईट वाटलं, मनापासून. तरी माझा मुद्दा उरतोच. शेवटी कुठेतरी जागा कमी आणि मुलं जास्त असतात. तिथे नंबर लागणारच. मग त्याची सवय लहानपणापासून नको? दहा वर्षं कुणी तुलना केली नाही आणि सतराव्या वर्षी एकदम लाखोंच्या रांगेत उभं केलं, तर तो धक्का मोठा की छोटा?

धोरणाचा अभ्यासक

सिंगापूरने २०१९ पासून प्रगतिपुस्तकातून वर्गातला आणि इयत्तेतला क्रमांक काढला. पहिली-दुसरीच्या गुण देणाऱ्या परीक्षाही बंद केल्या. २०२१ पासून तिथल्या प्राथमिक शाळेच्या अंतिम परीक्षेत इतरांच्या तुलनेत काढलेल्या गुणांऐवजी प्रत्येक विषयाला आठ श्रेणी आल्या. म्हणजे शेजाऱ्याला जास्त मिळाले म्हणून आपली श्रेणी घसरत नाही. पण ती अंतिम परीक्षा आहेच, आणि शिकवण्याही आहेत. चीनने २०२१ साली मुख्य विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आणली, तर बऱ्याच शिकवण्या चोरून चालू राहिल्या. चांगल्या जागा मोजक्या असतील तोवर दडपण एका दारातून हाकललं तर दुसऱ्या दाराने येतं. आईंशी मी सहमत आहे, पण नंबर पुसल्याने एवढं सगळं सुटेल अशी आशा ठेवू नये.

दोन मुलांचा बाबा

फिनलंडचं नाव अजून कसं आलं नाही? पिसा म्हणजे अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची चाचणी; २००६ साली तिच्यात फिनलंडला गणितात सरासरी ५४८ गुण, २०२२ मध्ये ४८४. परीक्षा कमी करण्याचा हा परिणाम म्हणायचा का?

धोरणाचा अभ्यासक

नाही, तो तर्क टिकत नाही. ५४८ आले तेव्हाही तिथे शालेय वयात देशव्यापी परीक्षा नव्हती; ती उच्च माध्यमिकच्या शेवटी एकदाच असते. जी गोष्ट आधीही होती आणि नंतरही, ती घसरणीचं कारण कशी असेल? पण फिनलंडकडे बोट दाखवून परीक्षाविरोध सिद्ध होतो असंही मी म्हणणार नाही.

एका मुलीची आई

पदवीधर दादा, तुमच्या वडिलांची गोष्ट मी दोन दिवस डोक्यातून काढू शकले नाही. मी लिहिलं ते माझ्या घरातून लिहिलं, हे मान्य. सवयीचा मुद्दा मात्र पटत नाही. पुढे रांगेत उभं राहायचं आहे म्हणून दहाव्या वर्षापासून रांगेत उभं करणं म्हणजे पुढे उपास घडणार म्हणून मुलाला आजच कमी जेवू घालण्यासारखं आहे. धक्का सोसायला अंगात बळ लागतं, आणि ते अपूर्णांक कळल्याने येतं.

बाई, तुम्हाला एक विचारते. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. नंबर काढा असं म्हटलं तर मुख्याध्यापक ऐकणार नाहीत. मग काय मागू?

प्राथमिक शिक्षिका, २२ वर्षं

प्रत्येक मुलासाठी शेरा मागू नका, मिळणार नाही. माझ्या वर्गात ४८ मुलं, सहा विषय. एका उत्तरपत्रिकेला तीन मिनिटं धरली तरी चौदा तासांच्या वर जातात, आणि ते सगळे घरचे तास असतात. त्याऐवजी विचारा की गणिताच्या पेपरात सर्वांत जास्त मुलं कुठल्या प्रश्नात चुकली, आणि तो प्रश्न वर्गात पुन्हा कधी घेणार. दोन पंचमांश लिहिणारी तुमची मुलगी एकटी नसणार. माझ्या वर्गात दरवर्षी डझनभर तरी असतात. तपासणाऱ्या बाईंना ते माहीत असतं. त्यांना थांबून शिकवायला एक तास हवा असतो, आणि तो पालकांनी मागितला तर मिळतो.

घरातला पहिला पदवीधर

नंबर राहू द्या असं माझं म्हणणं कायम आहे. पण हा प्रश्न मीही माझ्या मुलाच्या शाळेत विचारणार.