नगररचनेच्या जुन्या फायली स्कॅन झाल्या पण शोधायला गेलं की सापडत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपुरात राहते आणि जिल्ह्यातल्याच एका नगरपरिषदेत नगररचना कक्षात आहे. नवीन बांधकाम परवानग्या आता ऑनलाइनच येतात, तिकडचं टेन्शन नाही, प्रश्न जुन्या रेकॉर्डचा आहे.

मागच्या वर्षी एका एजन्सीकडून अर्धे गठ्ठे स्कॅन करून घेतले. पीडीएफ झाल्या, हार्ड डिस्क आली, बिलही निघालं, पण फायलींना नाव काय तर गठ्ठा नंबर आणि अनुक्रमांक, बस. लोक येतात ते मौजा-खसरा (म्हणजे गाव आणि जमिनीचा सर्व्हे नंबर) नाहीतर ले-आऊट आणि प्लॉट नंबर घेऊन ना! परवा एक आजोबा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) घेऊन आले, वडिलांच्या घराच्या १९८४ च्या मंजूर नकाशाची नक्कल पाहिजे होती. मी तासभर पीडीएफ उघडून बघत बसले, शेवटी आमच्या रेकॉर्डकीपर भाऊंनी दहा मिनिटांत गठ्ठा सोडून फाइल हातात दिली. त्यांना सगळं पाठ आहे, पण ते आता रिटायर होऊन राहिले, मग पुढे कोणाला विचारायचं?

गठ्ठा नंबर कळल्यावर त्याच फाइलचा स्कॅन उघडला तर सगळा काळा-पांढरा. नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल आणि पाडायचं ते पिवळं रंगवलेलं असतं, इथे दोन्ही सारखेच करडे दिसतात. एवढी मोठी अमोनिया प्रिंट (नकाशाची जुन्या पद्धतीची छापील प्रत) ए-फोरमध्ये बसवलेली, म्हणजे स्केल गेला, आणि घडीवर जिथे कागद विरलाय नेमका तिथलाच बाजूच्या मोकळ्या जागेचा आकडा वाचता येत नाही. खूप वाईट वाटलं हो, कारण आजोबांचा शेजाऱ्याशी वाद त्याच जागेचा आहे.

आता उरलेल्या गठ्ठ्यांचं टेंडर निघेल, अटी मलाच लिहायच्या आहेत. रंगीत, ३०० डीपीआय, नकाशा मूळ मापातच आणि पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपून ठेवायचा पीडीएफचा प्रकार) एवढं मी धरलंय. अडलंय ते सूचीवर. मौजा, खसरा, ले-आऊट, प्लॉट असे वेगळे रकाने करावे आणि मालकाचं नाव फक्त जोडीला ठेवावं असं मला वाटतं, कारण नाव बदलत राहतं. पण खसऱ्याचे पोटहिस्से पडलेत, दोन प्लॉट एकत्र झालेत, २००१ च्या गुंठेवारी कायद्यात (परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करणारा) नियमित झालेल्या प्लॉटला आधी वेगळाच नंबर होता, तिथे जुना-नवा नंबर कसा जोडायचा? कोणी केलंय का हे? आणि ही नोंद एजन्सीच्या पोरांनी करावी की आमच्यातल्या माणसानं, कारण हाताने लिहिलेलं जुनं मराठी ओसीआरला (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) तर नीट वाचताच येत नाही.

दुसरं, वरून विचारणा होतेय की स्कॅन झालं की मूळ गठ्ठे काढून खोली मोकळी करायची का. माझ्या मते बिलकुल नाही, २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम असताना परस्पर असं करताच येत नाही. तुमच्याकडे मूळ नकाशे कसे ठेवलेत, घडी घालून की सपाट?

कोणाकडे अशा टेंडरच्या अटी किंवा सूचीचा नमुना असेल तर प्लीज द्या, भाऊ आहेत तोवर त्यांच्यासोबत बसून निदान जुन्या वस्तीतल्या फायलींची नोंद तरी करून घ्यायची आहे.