जवानाच्या आत्महत्येची बातमी: कारण म्हणून काय लिहावे?

प्रश्न: तालुका वार्ताहर, बीड जिल्हा

नमस्कार. मी एका मराठी दैनिकाला तालुक्याच्या ठिकाणाहून बातम्या पाठवतो. काही आठवड्यांपूर्वी आमच्या भागातील एका जवानाचा त्याच्या युनिटमध्ये मृत्यू झाला. पहिला निरोप आला तेव्हा कारण कोणालाच ठाऊक नव्हते. संध्याकाळपर्यंत बसस्थानकासमोर ‘वीर जवान’ असा फलक लागला आणि शाळेने अंत्ययात्रेच्या वाटेवर मुलांना उभे करण्याची तयारी केली. दुसऱ्या दिवशी ही आत्महत्या असल्याचे कळले आणि पार्थिव गावात पोहोचण्याआधीच तो फलक उतरवण्यात आला. मानवंदना का मिळणार नाही, हा वडिलांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर गावात कोणाकडेच नव्हते.

रात्री डेस्कवरून फोन आला की कारण एका ओळीत द्या. पोलीस पाटलांच्या मते घरचा वाद होता, चुलत्यांच्या मते सुट्टी नाकारली होती, आणि मित्रांच्या मते डोक्यावर कर्ज होते. मी तिन्हींपैकी काहीच लिहिले नाही, तरी बातमी ‘घरगुती कारणावरून’ अशीच छापून आली. दुसऱ्या एका दैनिकाने तीच घटना ‘वरिष्ठांच्या छळामुळे’ अशी दिली. अशा वेळी नेमके काय लिहावे? आणि फोटो छापा, असा भावाचाच आग्रह असेल तर काय करावे?

उत्तर 1: उपसंपादक, छत्रपती संभाजीनगर

डेस्कच्या बाजूने आधी एक गोष्ट मान्य करतो. आमच्याकडे बातमीला कारण नसेल तर ती अर्धवट समजली जाते, आणि ‘घरगुती’ हा शब्द कोणाचाच फोन येणार नाही या खात्रीने टाकला जातो. लष्कराची हरकत येत नाही, पोलिसांची येत नाही, आणि ज्या घरावर तो शब्द पडतो त्या घरात त्या दिवशी वर्तमानपत्र वाचण्याच्या स्थितीत कोणी नसते.

भारतीय प्रेस परिषदेने 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत. बातमी ठळकपणे व वारंवार देऊ नये, पद्धतीचे वर्णन करू नये, ठिकाणाचा तपशील देऊ नये, सनसनाटी मथळा करू नये, फोटो व चित्रफिती वापरू नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा भावाचा आग्रह असला तरी फोटो न छापण्याचे कारण तुमच्याकडे लेखी स्वरूपात आहे. कारणाच्या जागी ‘युनिटमध्ये चौकशी सुरू आहे’ एवढेच लिहावे आणि त्यापुढे पूर्णविराम द्यावा.

मानवंदनेबाबत मात्र बातमीत आवर्जून लिहायला हवे होते. ऑक्टोबर 2023 मध्ये राजौरी क्षेत्रात तैनात असलेल्या एका अग्निवीराच्या मृत्यूनंतर देशभर वाद झाला, तेव्हा लष्कराने अधिकृत निवेदनात सांगितले की स्वतः केलेल्या इजेने मृत्यू झाल्यास लष्करी इतमामात अंत्यसंस्कार करण्याची तरतूद नाही, आणि हा नियम अग्निवीर असो वा नियमित जवान, सर्वांना सारखाच लागू आहे. 2001 पासून अशा मृत्यूंची संख्या वर्षाला सरासरी 100 ते 140 असल्याचेही त्याच निवेदनात होते. वाहिन्यांवर त्या आठवड्यात चर्चा झाली ती अग्निपथ योजना बरी की वाईट याचीच. हा आकडा वीस वर्षांत का हलला नाही, यावर फार कोणी थांबले नाही.

उत्तर 2: माजी सुभेदार, लातूर

उपसंपादक साहेब, पूर्णविराम द्यावा हे ठीक, परंतु तो किती दिवस? युनिटमध्ये कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी, बसते, तिचा निष्कर्ष निघायला वेळ लागतो, आणि निघाला तेव्हा जिल्हा आवृत्तीत त्याची दोन ओळींची बातमी मी आजवर पाहिलेली नाही. मृत्यूचा सेवेशी संबंध आहे की नाही यावर पत्नीला साधे कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार की विशेष, हे ठरते. तुमचे कात्रण तिथे पुरावा म्हणून चालत नाही हे खरे. पण सासरी चालते. ‘घरगुती कारण’ याचा अर्थ आपल्याकडे ‘बायको’ असाच घेतला जातो, आणि चौकशी बसण्याआधीच ती बिचारी दोषी ठरलेली असते.

दुसरी बाजूही सांगतो. 2017 साली एका संकेतस्थळाने देवळाली छावणीत छुप्या कॅमेऱ्याने सहायक पद्धतीवर, म्हणजे अधिकाऱ्याच्या दिमतीला जवान देण्याच्या पद्धतीवर, चित्रफीत केली. साहेबांच्या घरची कामे करणाऱ्या जवानांचे चेहरे धूसर केले होते. त्यांपैकी एक जवान काही दिवसांनी मृतावस्थेत सापडला. पत्रकार महिलेवर ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टखाली गुन्हा दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो 2019 मध्ये रद्द केला. गुन्हा दाखल करणे मला तेव्हाही पटले नव्हते. परंतु पलटणीत माणूस चालण्यावरून, आवाजावरून, बसण्याच्या ढबीवरून ओळखू येतो, हे चेहरा धूसर करणाऱ्याला कोणी सांगायचे? सुट्टी, सहायक, वरिष्ठांची वागणूक यांवर जरूर लिहावे, पण आज नोकरीत असलेल्या एकट्या पोराच्या खांद्यावर बंदूक ठेवून नव्हे. निवृत्त झालेले आम्ही कशाला आहोत? आम्ही नावानिशी बोलू.

आणखी एक. सीआरपीएफ किंवा बीएसएफचा जवान असेल तर बातमीत ‘लष्करी जवान’ लिहू नका. ती दले गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांची बदली, सुट्टी, निवृत्तिवेतन सगळेच वेगळे. जबाबदार कोण, हा प्रश्न तिथेच चुकीच्या दारात जातो.

उत्तर 3: मानसोपचारतज्ज्ञ, नांदेड

माझा मुद्दा निवृत्त सैनिकांबद्दल आहे, कारण त्यांच्याविषयी बातमी होतच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची स्वतंत्र नोंद असते, मात्र व्यवसायनिहाय तक्त्यात ‘माजी सैनिक’ असा गट नाही. मराठवाड्यात जवान चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो, वाटणीची कोरडवाहू जमीन कसतो किंवा बँकेच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो. त्याने जीव दिला तर तो शेतकरी, नोकरदार किंवा निवृत्त यांपैकी एखाद्या गटात मोजला जाईल. सतरा वर्षे सीमेवर काढली ही माहिती कागदावरून गळून पडेल. शेती असेल तर जिल्हा समिती ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवील, कारण एक लाखाची मदत कर्ज व नापिकीशी जोडलेली आहे, आणि बातमीही त्याच दोन शब्दांत संपेल.

अमेरिकेत निवृत्त सैनिकांची वेगळी मोजणी होते, पण तिथेही माध्यमांनी गोंधळ घातलाच. तेथील माजी सैनिक विभागाच्या 2012 च्या अहवालातून ‘रोज 22’ आत्महत्या हा आकडा निघाला. तो 21 राज्यांच्या माहितीवरून काढलेला अंदाज होता आणि मृतांपैकी बहुसंख्य पन्नाशीच्या पुढचे होते. तरीही इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या तरुणांचा आकडा म्हणून तो वर्षानुवर्षे फिरत राहिला. परिणामी युद्धावरून आलेला माणूस म्हणजे मोडलेलाच, अशी प्रतिमा तयार झाली. अशा प्रतिमेमुळे उपचाराला येणारा माणूस कचरतो, हे मी माझ्या खोलीतही पाहते. तक्रार झोपेचीच सांगितली जाते आणि पहिली विनंती असते, ‘मॅडम, हे कागदावर लिहू नका.’ सेवेत असणाऱ्याला वैद्यकीय श्रेणी, म्हणजे तंदुरुस्तीचा दर्जा, खाली जाण्याची भीती असते.

जपून लिहिल्याने फरक पडतो का, असे पत्रकार विचारतात. व्हिएन्नात 1987 साली भुयारी रेल्वेतील आत्महत्यांचे वार्तांकन संयमित करण्याचे ठरले आणि त्यानंतर तेथील घटना लक्षणीयरीत्या घटल्या. याविषयीचे हे सर्वांत परिचित उदाहरण आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सुभेदार साहेब, कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या निष्कर्षाची बातमी मिळवायची तर वार्ताहराने कोणाकडे जावे? आणि मॅडम, बातमीखाली मदतीचा क्रमांक द्यावा असे सांगतात, तो गावात कोणी लावतो का?

माजी सुभेदार, लातूर

युनिट तुम्हाला काही सांगणार नाही. कुटुंबाची पत्रे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत फिरतात, तेव्हा आधी कुटुंबाची परवानगी घ्या, मग त्या कार्यालयात जा. दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, पुन्हा जा. पत्नीच्या अर्जाचे काय झाले ही तुमची पुढची बातमी असू द्या.

मानसोपचारतज्ज्ञ, नांदेड

लावतात, पण नुसता क्रमांक छापून ते होत नाही. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते, एवढे चौकटीत लिहा. सैन्यदलांतील कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात टेलिमानसचा स्वतंत्र कक्ष सुरू करण्यात आला, हेही लिहा. निवृत्तांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारासाठी पुढे पाठवता येते. भावाला माझ्याकडून इतके सांगा की फोटो छापला नाही याचा अर्थ त्याच्या भावाला कमी लेखले असा नाही. आणि त्या घरात सध्या सर्वांत एकटे कोण आहे, तेवढे एकदा पाहून या. तो क्रमांक आधी त्यांना द्यायचा आहे.