मदत हवी आहे: १९७५ ची प्रीमियर पद्मिनी, डांबरी अंडरकोटिंग काढून खालचा सडलेला पत्रा दुरुस्त करायचाय (नाशिक)

पंचवटी_पद्मिनी:

गाडी १९७५ ची पद्मिनी, नाशिकमध्येच शेडखाली उभी आहे. इंजिन-गिअरबॉक्सचा प्रश्न नाही, प्रश्न खालच्या पत्र्याचा. अंडरकोटिंगचे (तळाला गंजाविरुद्ध मारलेल्या लेपाचे) दोन थर दिसतात. आतला कडक डांबरी, आणि त्यावर नंतर कुणीतरी मारलेला रबरासारखा थर. हा वरचा थर काही ठिकाणी फुगलाय, दाबला की आत कुरकुरतं. ड्रायव्हरच्या टाचेखाली स्क्रू ड्रायव्हर आरपार जातो, तळहाताएवढा भाग गेलाय. डावं सिल (दारांखालची लांब पोकळ पेटी) मागच्या चाकाजवळ ठोकलं की बद्द वाजतं. पुढच्या डाव्या दाराची मागची फट वर ३ मिमी आणि खाली ७ मिमी भरते.

एक जण म्हणतो अख्खी बॉडी सँडब्लास्ट करा, एका दिवसात मोकळे व्हाल. दुसरा म्हणतो गॅसच्या ज्योतीने डांबर जाळा. पत्रा जीआय (जस्त चढवलेला) वापरावा की साधा, किती गेजचा, आणि नंतर प्रायमर रेड ऑक्साइड की एपॉक्सी? पाऊस अजून महिनाभर तरी आहे, तोवर काय करता येईल तेही सांगा. वेल्डिंग बाहेरून करून घेणार, बाकी हाताने करायची तयारी आहे.

खरवड_मास्टर:

ज्योत नको. डांबर पेटतं, वितळून सांध्यात शिरतं, आणि मजल्याच्या वरच्या बाजूला असलेलं नमदा-वायरिंग कधी धुमसायला लागलं ते खाली झोपलेल्या माणसाला कळत नाही. पेट्रोलची टाकी, पेट्रोलची नळी, ब्रेकच्या नळ्या आणि मजल्यालगतची वायरिंग आधी उतरवा. टाकी नुसती रिकामी करून चालत नाही, रिकाम्या टाकीतली वाफ जास्त धोक्याची.

सगळं कोटिंग काढायचं का, हे आधी ठरवा. १० बाय १० सेंटीमीटरच्या आठ-दहा खिडक्या उघडा: दोन्ही सिलच्या कडा, जॅक लावायच्या जागा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, मडगार्डच्या आतली कड, डिकीचा तळ. जिथे कोटिंग खरवडायला जीव काढतं आणि खाली पत्रा करडा, चकचकीत निघतो, तिथलं राहू द्या. जिथे पापुद्र्यासारखं सुटतं आणि खाली काळपट-तपकिरी पूड आहे, तिथे स्वच्छ पत्रा लागल्यावरही पुढे ५ ते ७ सेंटीमीटर जा. तुमचा फुगलेला रबरी थर मात्र पूर्ण काढा. असा थर एका कडेला सुटला की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वरून गाडी ठणठणीत दिसते आणि आतून पत्रा जातो.

हीट गन २५० ते ३०० अंशांवर, पत्र्यापासून १० ते १५ सेंटीमीटर. एका वेळी हातभर पट्टा मऊ करायचा आणि मागोमाग बोथट कोपऱ्यांची पत्ती चालवायची. धूर निघाला म्हणजे जास्त तापलं. ग्राइंडरवर वायर ब्रश लगेच लावू नका. त्याच्या घर्षणाने डांबर वितळून अख्ख्या पत्र्यावर सारवलं जातं आणि ब्रशही बाद होतो. ब्रश शेवटी, फक्त गंजासाठी.

पत्तीने निघाल्यावर जो तपकिरी थर उरतो त्यावर रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या १५-२० मिनिटं चिकटवून ठेवा, मग पुसा. त्यानंतर थिनर आणि पांढरं फडकं. फडकं तपकिरी होतंय तोवर काम संपलेलं नाही. डांबराचा अंश राहिला तर प्रायमरमधला थिनर तो विरघळवतो, डाग वर येतो आणि त्या जागी पकड जाते. हीट गन आणि चिंध्या एकाच वेळी शेडमध्ये नकोत, आणि ओल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नका.

इतक्या जुन्या कोटिंगमध्ये अॅस्बेस्टॉसचे धागे असू शकतात, जुन्या रंगात शिसं. म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही. खरवडलेलं पोत्यात भरा, काम करताना पी१०० फिल्टरचा मास्क आणि बंद गॉगल. रुमाल बांधून भागत नाही.

नाशिकची थंडी इथे कामी येते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठच्या आत कडक डांबराचे नुसत्या छन्नीने टवके उडतात, दुपारी तेच च्युइंगमसारखं ताणतं. रबरी थराला ही युक्ती लागू नाही, त्याला गनच हवी.

अंबड_फॅब:

सँडब्लास्टिंगबद्दल. अख्खी बॉडी त्या माणसाच्या ताब्यात देऊ नका. स्ट्रक्चर, गर्डर साफ करणारी माणसं ६-७ बारच्या दाबाने मारतात. त्या दाबाला पद्मिनीचं बॉनेट, छप्पर, दाराचा पत्रा लाटेसारखा वाकतो आणि तो परत सरळ होत नाही. शिवाय चिवट डांबरी थर ब्लास्टिंगने निघतच नाही, दाणे उसळून परत येतात. आधी खरवडा, मग फक्त मजल्याचा तळ, सिलच्या आतल्या कडा, पाट्यांचे हँगर एवढंच ब्लास्ट करा. गार्नेट (खनिजाचे दाणे) ८० मेश, दाब ३ ते ४ बार, नोझल ३०-४५ अंश तिरपं, एका जागी थांबायचं नाही. नदीची वाळू वापरणाऱ्याकडे जाऊ नका. तिच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. ब्लास्ट केलेला पत्रा त्याच दिवशी एपॉक्सीखाली गेला पाहिजे. पावसाळ्यात तर काही तासांत नारिंगी झाक येते, म्हणून हे काम पाऊस उघडल्यावर.

आता खरी काळजीची गोष्ट. ३ आणि ७ मिमीची फट. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे, आणि सिल म्हणजे तिचा कणा. दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला धरून वर उचला. खडखड हललं तर बिजागरीची पिन झिजली, स्वस्तात सुटलात. हललं नाही तर गाडी मधे बसली आहे, म्हणजे बॉडीच मधे खाली वाकली आहे. काय निघालं ते इथे सांगा, तोवर कुणालाही सिल कापू देऊ नका.

पंचवटी_पद्मिनी:

दार जराही हलत नाही. उलट डाव्या बाजूला पुढच्या आणि मागच्या दाराची उठावाची रेष जुळत नाही, साधारण ३ मिमीचा फरक.

अंबड_फॅब:

मग बसली आहे. क्रम असा ठेवा.

गाडी चारही चाकांवर, सपाट कोब्यावर. आतल्या सीट काढा. सिल जिथे अजून घट्ट आहे तिथे लाकडी फळी घालून जॅक लावा आणि अर्धा-अर्धा मिमी उचलत फट बघा. वर-खाली ५-५ आली की थांबा. सिल पार पिचलेलं असेल तर जॅक आत घुसेल. अशा वेळी सिलच्या आतल्या बाजूच्या आडव्या मेंबरखाली टेकू द्या. मग २५ बाय २५ मिमीची, २ मिमी जाडीची चौकोनी नळी पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत आणि तिथून मागच्या खांबापर्यंत, शिवाय एक तिरपी. ही झाली ब्रेस. नळ्या दाराच्या रेषेच्या आत बसवा, म्हणजे दार लावून फट मोजता येते. उघड्या दारात नळी ठोकली आणि मोजायची सोयच गेली, हे फार वेळा होतं. एक आडवी नळी डाव्या-उजव्या मधल्या खांबांमध्येही द्या.

एका वेळी एकच बाजू कापा. आधी बाहेरच्या सिलला ३० सेंटीमीटरची खिडकी पाडून आतलं सिल बघा. आतलं शाबूत असेल तर काम निम्मं. दोन्ही गेली असतील तर आधी आतलं, मग बाहेरचं. सिलच्या जागी चौकोनी पाइप बसवून वरून पत्रा मढवायचा सल्ला कुणी देईलच, तो घेऊ नका. पाइपचं टोक जिथे संपतं तिथे सगळा ताण जमा होतो आणि शेजारचा जुना पत्रा चिरतो. दुसरं कारण कागदोपत्री: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर बॉडीत फेरफार नसावा लागतो. तुमची आता त्या वयाची झाली आहे. अर्थात व्हिंटेज पाटी घेतली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, तेव्हा ठरवून घ्या.

पत्रा सीआरसीए, म्हणजे जस्त नसलेला साधा. मजल्याला २० गेज म्हणजे ०.९ मिमी, सिल आणि जॅकच्या जागेला १८ गेज म्हणजे १.२ मिमी. जीआय नको. वेल्डिंगला जस्त जळून जातं, म्हणजे सांध्यापाशी, जिथे गंज पहिल्यांदा येतो तिथेच, ते उरत नाही. वर जस्ताच्या धुराने माणसाला ताप भरतो. सिलचा पुठ्ठ्याचा साचा करा. सातपूर-अंबडला प्रेस ब्रेकवर तो हुबेहूब वाकवून मिळतो. मजल्याच्या तुकड्याला मूळ पत्र्यासारख्या पन्हाळी उमटवून घ्या, नाहीतर सपाट तुकडा पाय पडला की तेलाच्या डब्यासारखा टकटक वाजत राहतो.

वेल्डिंग सीओटू मशिनने, वायर ०.८ मिमी, गॅस मिळाला तर आर्गॉन ८० आणि कार्बन डायऑक्साइड २०. गॅसच्या ज्योतीने पितळी जोड नको, पत्रा आळतो. सडलेला भाग किमान २ सेंटीमीटर चांगल्या पत्र्यापर्यंत कापा. कोपरे गोल ठेवा. तुकडा टोकाला टोक लावून बसवा, मधे पत्र्याच्या जाडीएवढी फट, २०-२५ मिमीवर एकेक टाका, आणि पुढचा टाका आधीच्याच्या समोरच्या बाजूला. हात लावता येईल एवढं गार झाल्याशिवाय त्या जागी परत जायचं नाही. सलग ओढलेलं वेल्डिंग दिसायला छान, पण पत्रा पापडासारखा होतो. सिलच्या कडांना ६ ते ८ मिमीची भोकं पाडून ३०-४० मिमीवर प्लग वेल्ड, म्हणजे भोक वेल्डिंगने भरायचं. आतल्या बाजूला आधी जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्डिंग करता येतं). पंखा बंद ठेवा, वाऱ्याने गॅस उडाला की टाक्यात जाळी पडते. बॅटरीच्या दोन्ही तारा आणि डायनॅमोच्या वायरी काढलेल्या हव्यात.

रंग_रोगण_नाशिक:

गंजाचं आणि रंगाचं मी सांगतो.

खड्ड्याखड्ड्यांचा गंज राहिलाय पण पत्रा जाड आहे, अशा ठिकाणी फॉस्फोरिक अॅसिड. ८५ टक्क्यांचं मिळतं; ६ भाग पाण्यात १ भाग अॅसिड, अॅसिड पाण्यात ओतायचं, उलट नाही. १५-२० मिनिटं ओलं ठेवा, वाळू देऊ नका, तारेच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा, लगेच गरम हवेने वाळवा आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. अॅसिड वाळून पांढरट पूड राहिली आणि त्यावर एपॉक्सी मारला तर तो सालीसारखा निघतो. संडास साफ करायचं अॅसिड अजिबात नको. ते झटपट काम करतं खरं, पण क्लोराइड सांध्यात शिरून बसतं आणि रंगाखालून गंज परत आणतं. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात कुठलंच पातळ अॅसिड ओतू नका, तिथे ब्रश आणि ब्लास्टिंग.

रेड ऑक्साइड सच्छिद्र असतो. वरून काही मारलं नाही तर ओल खाली जातेच. दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर घ्या. मजला, मडगार्डच्या आतली बाजू, सिल धरून साधारण ८ चौरस मीटर होतात. दोन हातांना मिसळलेला प्रायमर ३ ते साडेतीन लिटर. प्रमाण डब्यावरचंच, अंदाजाने हार्डनर वाढवला म्हणून लवकर वाळत नाही. मिसळून डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, मग मारा. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. म्हणजे सप्टेंबरात नाही. थंडीत मारणार असाल तर सकाळी नाही, अकरा ते तीनमध्ये. १० अंशांच्या खाली एपॉक्सी नीट पिकत नाही, आणि तुमच्याकडे निफाडच्या बाजूला पारा कुठे जातो ते माहीतच आहे.

एपॉक्सीनंतर सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट, तो वाळल्यावर स्टोन गार्ड (उडणाऱ्या खडीपासून वाचवणारा थर). डांबर परत नको. सिलच्या पोकळीत लांब नळीने पातळ कॅव्हिटी वॅक्स, सगळं वेल्डिंग संपल्यावरच, कारण ते पेटतं. पाण्याच्या निचऱ्याची भोकं सीलंटने बुजवू नका. सिलच्या तळाची प्रत्येक भोकं तारेने मोकळी करून बघा. तुमचं डावं सिल बहुधा तिथूनच गेलंय.

खरवड_मास्टर:

भोकांबद्दल सहमत. एक भर: विंडशील्डचं रबर आणि हवेच्या जाळीखालचा खळगा पाण्याचा पाइप लावून तपासा. टाचेखालचा मजला पुष्कळदा वरून झिरपलेल्या पाण्याने सडतो, खालच्या चिखलाने नाही. पाणी रबरी मॅटखालच्या नमद्यात साठतं. ती गळती राहिली तर नवा २० गेजही जाईल.

पंचवटी_पद्मिनी:

म्हणजे पावसात खिडक्या उघडणं, गळती शोधणं, आणि टाकी-नळ्या उतरवणं एवढंच. ब्रेस आणि वेल्डिंग पावसात चालेल?

अंबड_फॅब:

शेड कोरडी असेल तर चालेल. वेल्डिंग झाल्या दिवशी टाके घासून त्यावर एपॉक्सीऐवजी तात्पुरता वेल्ड-थ्रू प्रायमर मारा, दसऱ्यानंतर तो घासून काढा आणि मग पक्का एपॉक्सी. ब्रेस दोन्ही बाजूंची सिल पूर्ण होईपर्यंत काढायची नाही, आणि काढण्याआधी चारही दारांच्या फटी वर, मधे, खाली मोजून लिहून ठेवा.