बाळाची कावीळ मेंदूपर्यंत कशी पोचते?

प्रश्न: बाळ तिसऱ्या दिवशी पिवळं दिसतं, बिलिरुबिन (कावीळ आणणारं रक्तातलं पिवळं द्रव्य) १६ मिलिग्रॅम/डेसिलिटर आलं. कुणी म्हणतं कोवळं ऊन द्या, कुणी म्हणतं दिव्याखाली ठेवा. मेंदूला इजा नेमकी कशामुळे होते?

उत्तर १: नुसत्या १६ वरून काही ठरत नाही. बाळ किती तासांचं, किती आठवड्यांचं, आई-बाळाचे रक्तगट काय, हे धरून उपचार कितीला लागतो याचा तक्ता बघतात. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला तर लगेच तपासणी हवी. बिलिरुबिन रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं. जास्त झालं की सुटं उरलेलं मेंदूत शिरतं. हालचालींवर ताबा ठेवणारी आणि ऐकण्याची केंद्रं आधी सापडतात. म्हणून पुढे पीळ पडल्यासारख्या हालचाली आणि बहिरेपण दिसतं, बुद्धी मात्र बरेचदा शाबूत असते.

उत्तर २: उन्हावर भिस्त नको. फोटोथेरपीचा, म्हणजे त्या दिव्याच्या उपचाराचा, निळा प्रकाश साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा. डोळ्यांवर पट्टी, फक्त लंगोट, बाकी अंग उघडं. दूध दिवसाला ८ ते १२ वेळा. दिव्याखाली कातडी फिकी पडते, तेव्हा रंग बघून ‘उतरली’ म्हणू नका, रक्तच तपासा.

उत्तर ३: बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, किरट्या आवाजात रडतंय, पाठ कमानीसारखी मागे ताणतंय? मध्यरात्र असली तरी निघा; रक्तबदल (बाळाचं रक्त थोडंथोडं काढून दात्याचं भरणं) करावा लागू शकतो. बिलिरुबिन फार चढलं असेल तर नंतर कानांची तपासणी एबीआरनेच (कानाची नस आणि मेंदू आवाजाला कसा प्रतिसाद देतात ते बघणारी चाचणी) करा. दोष नसेत असला तर साधी ओएई (फक्त आतला कान बघणारी चाचणी) नॉर्मल येते आणि सगळे गाफील राहतात.