दुसऱ्याची स्टाइलशीट उचलली तर नाव द्यायचं की नाही?

पाटीपेन्सिल: काल इथे 'उघडं दार' यांनी लिहिलं की मांडणी म्हणजे नुसते रंग आणि रुंदी, पानाचा सोर्स उघडा, सीएसएस (मांडणी ठरवणारी स्टाइलशीट) उचला, आपल्या ब्लॉगला लावा, नाव द्यायची गरज नाही. ते वाचून रात्रभर चिडचिड झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

इंग्रजी थीम मराठीला जशीच्या तशी बसत नाही. वर्डप्रेस या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरची ट्वेन्टी ट्वेल्व्ह ही तयार थीम घेऊन मी तिच्यावर चाइल्ड थीम, म्हणजे तिच्यावर बेतलेली आपली थीम, केली, तेव्हा वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर चढत होते. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, वाढवत वाढवत १.८ वर आणली. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर, होतं, त्याने शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर सुटं पडायचं. तेही काढलं. या सगळ्यात तीन महिने गेले. गेल्या महिन्यात तीच फाइल एका दुसऱ्या ब्लॉगवर सापडली. 'आईच्या फोनवर बघायचं' ही मी स्वतःसाठी लिहिलेली कॉमेंटसुद्धा आत तशीच होती. फक्त वरचं माझं नाव खोडलेलं.

उघडं दार: ताई, तुमच्याच फाइलीत 'टेम्प्लेट: ट्वेन्टीट्वेल्व्ह' अशी ओळ असणार. म्हणजे तुम्हीही आयतंच घेतलंत. घेताना गोड लागलं, मग देताना का दुखतं? २००३ साली डेव्ह शे यांनी सीएसएस झेन गार्डन हे संकेतस्थळ काढलं, तेव्हा पानाच्या एकाच मजकुराला, म्हणजे एचटीएमएलला, लोकांनी शेकडो रूपं दिली. आमची पिढी त्या फाइली उघडूनच शिकली.

पाटीपेन्सिल: हो, ती ओळ आहे. मी ती खोडलेली नाही, आणि माझं म्हणणं तेवढंच आहे! ट्वेन्टी ट्वेल्व्ह जीपीएल या मोकळेपणी वापरायच्या परवान्याखाली येते, तर तो नीट वाचा. कॉपी वाटा, बदला, पण कॉपीराइटची सूचना जपा, असं त्यातच लिहिलंय. शिवाय २००९ मध्ये वर्डप्रेसने वकिलांचं मत घेतलं, त्यात थीमचा पीएचपी कोड जीपीएलखाली येतो, सीएसएस आणि चित्रं आपोआप येत नाहीत, असंच निघालं. झेन गार्डनवरही प्रत्येक डिझाइनसोबत करणाऱ्याचं नाव असतं.

रफार: बाकी चालू द्या, पण १.८ फार होतं. कवितेच्या ओळी एकमेकींपासून तुटतात.

माजघर: अजिबात फार नाही. 'विठ्ठल' लिहून बघा, जोडाक्षर किती खाली उतरतं ते.

रफार: ते फॉन्टवर आहे. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' लावा, मग बोला. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, पैसे पडत नाहीत. आणि देवनागरीला इटॅलिक लावणाऱ्यांचं काय करायचं? कोसळत्या भिंतीसारखी दिसतात अक्षरं.

माजघर: फॉन्ट बदला म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे नेट रडतखडत चालतं. फॉन्ट उतरेपर्यंत वाचक निघून जातो. तुमच्या शहरातल्या वेगावर नियम करू नका.

रफार: शहराचा संबंध काय? लातूरच्या तालुक्यातून लिहितोय.

नदीकाठ: मूळ विषयावर येऊ का? मला काहीच येत नव्हतं तेव्हा एका ब्लॉगलेखक काकांना पत्र लिहून मांडणी मागितली. त्यांनी अख्खी फाइल पाठवली, कुठे काय बदलायचं तेही समजावलं. पानाच्या तळाशी नाव ठेव, एवढंच म्हणाले. त्यांचा ब्लॉग आता उघडत नाही. माझ्या पानाच्या तळाशी त्यांचं नाव अजून आहे, आणि मी ब्लॉग चालवतोय तोवर राहील.

उघडं दार: बरं. वरची नावाची ओळ खोडायला नको होती, एवढं मान्य. पण उद्या कुणी रंगांवर आणि दोन स्तंभांवर हक्क सांगायला लागला तर मी पुन्हा भांडणार.

पाटीपेन्सिल: रंग घ्या, स्तंभ घ्या, १.८ पण घ्या. कुणी विचारलं असतं तर मी स्वतः बसवून दिलं असतं.

रफार: आत्ता 'मुक्त' लावून तपासलं. १.७ ला 'विठ्ठल' अडकत नाही.

माजघर: फोनवर?

रफार: फोनवर अजून बघितलं नाही.